वहीतले शंभर अंश

नेरुळच्या आमच्या घरी नात प्रयोगवही पुरी करत बसली होती. शाळेत पाणी उकळले तेव्हा तापमापीने ९८ अंश दाखवले होते. वहीत मात्र तिने १०० लिहिले. मी विचारले, तर म्हणाली, "आजोबा, पुस्तकात शंभरच आहे. अठ्ठ्याण्णव लिहिलं तर मार्क जातात!"

निरीक्षण, तर्क, प्रयोग, निष्कर्ष या पायऱ्या घडाघडा म्हणणाऱ्या मुलीने पहिल्याच पायरीला बगल दिली होती. पण मोठे शास्त्रज्ञ तरी त्या क्रमाने चढतात का?

आपले जयंत नारळीकरच घ्या. २००८ साली त्यांनी सहकाऱ्यांसह फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार आणि शंभर बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या पत्रिका जमवल्या, मिसळल्या आणि प्रत्येक ज्योतिषाला चाळीस दिल्या : कोणती कुठल्या गटातली, ओळखा! २७ ज्योतिषांची उत्तरे आली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणे उडवूनही निम्मी जुळली असती. चाचणी अगदी पुस्तकाबरहुकूम.

विश्वरचनेच्या प्रश्नावर मात्र हेच नारळीकर वेगळे वागले. फ्रेड हॉईल यांच्यासह ते आरंभ नसलेल्या, स्थिर स्थितीतल्या विश्वाचा पुरस्कार करत. १९६५ मध्ये अमेरिकेतल्या पेन्झियस आणि विल्सन यांच्या अँटेनातली न जाणारी खरखर प्रसिद्ध झाली. ते काही विश्वाचा आरंभ शोधायला बसले नव्हते. कबुतरांची घाणसुद्धा साफ करून झाली होती. ती खरखर म्हणजे आकाशभर पसरलेले प्रारण निघाले, आणि बहुतेकांनी तो महास्फोटाचा पुरावा मानला. पुस्तकाप्रमाणे नारळीकरांनी सिद्धान्त सोडायला हवा होता. त्यांनी प्रारण नाकारले नाही. त्याचे दुसरे कारण शोधले. १९९३ मध्ये हॉईल आणि बर्बिज यांच्यासह सुधारित सिद्धान्त मांडला. बहुसंख्यांना तोही पटला नाही. २०२५ मध्ये नारळीकर गेले.

हा हट्ट अवैज्ञानिक म्हणायचा का? मी बँकेत नोकरी केली. खतावणी जुळली नाही म्हणून आम्ही ती फाडत नसू. रात्री उशिरापर्यंत बसून चूक शोधत असू. पण फरक बुजवण्यासाठी खोटी नोंद करणे हा गुन्हाच. विज्ञानातही, मला वाटते, पायऱ्या मागेपुढे होतील, लाडका तर्क लवकर सुटणार नाही. फरक मात्र लपवायचा नाही, आणि हिशेब दुसऱ्याला तपासू द्यायचा.

नातीला म्हटले, "९८ लिही, आणि खाली लिही : तापमापी तपासून पाहायला हवी."

तिने लिहिले. पण पेन्सिलीने.