सूट घ्या, पण स्पेलिंगही शिकवा!

इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. महाराष्ट्रात २००० पासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आली. वस्तीवस्तीतील आईबापांना आनंद झाला. पण ज्या मुलाच्या घशाखाली हे दूध उतरतच नाही, त्याचे काय?

आम्ही विहारात दर रविवारी अभ्यासवर्ग घेतो. तेथे एक माउली सहावीतील मुलाला घेऊन आली. "जयभीम साहेब. मास्तर म्हणतात, पोरगं मंद आहे." मुलगा तोंडी हिशेब झटकन करीत होता. मराठी अडखळत का होईना, वाचत होता. इंग्रजी शब्द मात्र दहा वेळा लिहूनही अकराव्या वेळी चुकत होता. तपासणीत निष्पन्न झाले, हा डिसलेक्सिया! यात बुद्धी कमी नसते. शब्दातले ध्वनी सुटे करून अक्षरांशी जोडणे अशा मुलाला जड जाते. बंगल्यातल्या मुलाला 'डिसलेक्सिया' असतो आणि आमच्या मुलाला 'डोकेच नाही', हा कुठला न्याय?

मराठीत ही अडचण काहीशी झाकली जाते, कारण आपली लिपी बरीचशी उच्चाराप्रमाणे चालते. इंग्रजीत अक्षरे २६ आणि ध्वनी सुमारे ४४. 'बट' आणि 'पुट' यांत यू एकच, उच्चार मात्र दोन. शिवाय आपण व्ही आणि डब्ल्यू या दोघांनाही 'व'च म्हणतो. मग मुलाने कानावर विसंबून लिहायचे तरी काय?

यावर मार्ग आहे. अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांनी १९३० च्या दशकात ज्या पद्धतीचा पाया घातला, तिचे सूत्र साधे आहे : डोळा, कान, जीभ आणि हात एकदम कामाला लावा. आम्ही ताटात वाळू पसरली. मुलगा ध्वनी मोठ्याने म्हणतो आणि बोटाने अक्षर गिरवतो. बी आणि डी एकाच दिवशी शिकवीत नाही. 'लाइट, नाइट, राइट' असे एकाच घराण्यातले शब्द एकत्र घेतो. 'साइन'मधला मुका जी 'सिग्नल'मध्ये बोलतो, हे दाखवले की पाठांतराची जागा समज घेते. मुलगा आजही चुकतो, पण आता आपली चूक आपणच शोधतो.

आता कायद्याचे. १९९५ च्या अपंग कायद्याच्या यादीत डिसलेक्सिया नव्हता. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तो आला. कलम १६ प्रमाणे अशी मुले लवकर ओळखून त्यांना योग्य पद्धतीने शिकवण्याची व्यवस्था करणे सरकारी आणि मान्यताप्राप्त शाळांकडून अपेक्षित आहे. कलम १७ मध्ये जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांची तरतूद आहे.

इथेच समाजबांधवांनी सावध व्हावे. सूट हा हक्क आहे, गरज असेल त्याने जरूर घ्यावा. पण मराठी माध्यमातल्या मुलाची ही सुटणारी भाषा इंग्रजीच असू शकते. उच्च न्यायालयाचे, सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. आज परीक्षेतून सुटलेला मुलगा उद्या त्या दारातून आत कसा जाणार? शाळेला सूट देणे सोपे, शिकवणे कष्टाचे. म्हणून मुख्याध्यापकांकडे अर्ज करताना केवळ कलम १७ लिहू नका. कलम १६ आधी लिहा, आणि अर्जाची पोच घ्या.