पास्ता, रिसोत्तो, तिरामिसू : इटालियन घरगुती स्वयंपाक

इटली राष्ट्र म्हणून १८६१ मध्ये एकत्र आली. तिचा स्वयंपाक मात्र आजही प्रांताप्रांतांचा आहे. उत्तरेला पो नदीच्या खोऱ्यात भात, लोणी आणि अंडी घालून मळलेला ताजा पास्ता, तर दक्षिणेला ऑलिव्ह तेल, टोमॅटो आणि वाळवलेला पास्ता, अशी ढोबळ विभागणी करता येते. हे प्रांतिक पदार्थ देशभरच्या मध्यमवर्गीय घरांत नेण्याचे मोठे श्रेय पेल्लेग्रीनो आर्तुसी यांच्याकडे जाते. पेशाने ते व्यापारी होते. १८९१ मध्ये फ्लॉरेन्समध्ये त्यांनी पदरमोड करून पाककृतींचे पुस्तक छापले, आणि वाचकांनी पत्रांतून कळवलेल्या कृतींमुळे ते आवृत्तीगणिक जाड होत गेले. डिसेंबर २०२५ मध्ये दिल्लीत भरलेल्या युनेस्कोच्या बैठकीत इटालियन स्वयंपाकाचा समावेश अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत झाला. दिवाळीलाही त्याच बैठकीत तो मान मिळाला.

या स्वयंपाकात जिन्नस थोडे असतात, त्यामुळे चूक झाकायला मसाला नसतो. सगळी भिस्त पाणी, आच आणि वेळ यांवर.

वाळवलेला पास्ता दुरुम गव्हाच्या रव्याचा असतो. इटलीत १९६७ पासून कायद्याने तसे बंधनच आहे. हा गहू कडक आणि प्रथिनयुक्त असल्याने उकळत्या पाण्यातही आकार धरून राहतो. महाराष्ट्रात बन्सी म्हणून ओळखला जातो तो दुरुमच. मैद्याच्या पास्त्याचा लगदा होतो, म्हणून पाकिटावर ‘दुरुम’ हा शब्द पाहूनच खरेदी करावी. १०० ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि सुमारे १० ग्रॅम मीठ हे इटालियन घरांतले सर्वमान्य प्रमाण. पाण्यात तेल घालू नये, त्याने सॉस पास्त्यावरून घसरतो. शिजल्यावर गार पाण्याखाली धुण्याची सवय तर सोडूनच द्यावी, कारण सॉसला धरून ठेवणारे स्टार्च त्यात वाहून जाते.

पाकिटावरच्या वेळेच्या एक-दोन मिनिटे आधी पास्ता उपसायचा. तोडून पाहिल्यास मध्यभागी बारीक पांढरा ठिपका दिसला पाहिजे. मग तो थेट सॉसच्या पॅनमध्ये टाकून, पळीभर उकळणीचे पाणी घालून मोठ्या आचेवर हलवायचा. पाण्यातले स्टार्च तेल आणि पाणी यांना एकजीव करते आणि सॉस दाट, चकचकीत होतो. घरच्या पास्त्यात बहुधा हीच पायरी गळते.

रोमचा ‘काचो ए पेपे’ याच तत्त्वावर उभा आहे. त्यात पास्ता, मेंढीच्या दुधाचे पेकोरीनो रोमानो चीज आणि काळी मिरी, एवढेच. चीज जास्त तापले की त्यातली प्रथिने आकसून गोळे धरतात. म्हणून किसलेले चीज आधी कोमट पास्तापाण्यात कालवून घ्यावे आणि गॅस बंद केल्यावरच मिसळावे. कार्बोनारात याच्या जोडीला अंडी आणि ग्वांचाले, म्हणजे डुकराच्या गालाचे मुरवलेले मांस, येते. रोमच्या पद्धतीत क्रीम नसते. भारतात रुळलेल्या ‘व्हाइट सॉस पास्ता’मधला मैदा-दुधाचा बेशामेल इटलीत मुख्यतः लाझान्यासारख्या भाजलेल्या पदार्थांत वापरतात. तो चवीला वाईट नाही, पण पास्त्याची स्वतःची चव त्याखाली बुडते.

बोलोन्याचा मांसाचा रागू हा सवडीचा पदार्थ. इटालियन पाककला अकादमीने त्याची कृती १७ ऑक्टोबर १९८२ रोजी तिथल्या वाणिज्य मंडळात रीतसर नोंदवली आणि २०२३ मध्ये सुधारली. कांदा, गाजर, सेलरी, खिमा, वाइन आणि थोडा टोमॅटो मंद आचेवर दोन-तीन तास शिजतात. जोडीला स्पगेटी नव्हे, तालियातेल्ले हवा. या पट्टीची रुंदीही, शिजल्यावर आठ मिलिमीटर, १९७२ मध्येच नोंदवून ठेवलेली आहे!

रिसोत्तोसाठी आर्बोरिओ, कार्नारोली किंवा व्हिआलोने नानो हा आखूड, टपोरा तांदूळ लागतो. त्याचे स्टार्च बाहेर येऊन रस दाट होतो आणि दाण्याचा गाभा शाबूत राहतो. बासमतीचा स्वभाव मोकळा, तो इथे निरुपयोगी. इंद्रायणीसारखा चिकट तांदूळ चालून जातो. फक्त तो लवकर मऊ पडतो, तेव्हा लक्ष ठेवावे. मराठी हाताला अवघड जाणारी गोष्ट म्हणजे हा तांदूळ धुवायचा नाही. लोण्यावर कांदा परतून कोरडा तांदूळ गरम होईतो भाजायचा, वाइन घालून ती आटू द्यायची (वाइन नको असल्यास शेवटी लिंबाचे चार थेंब), मग कढत स्टॉक पळी-पळीने घालत सोळा ते अठरा मिनिटे शिजवायचे. स्टॉक गार असेल तर दर पळीला शिजणे थांबते. शेवटी गॅस बंद करून गार लोणी आणि किसलेले पार्मिजानो चीज जोराने घोटायचे. मिलानमध्ये यात केशर पडते. ताट हलवल्यावर रिसोत्तो लाटेसारखा पसरला पाहिजे. ढीग राहिला तर तो बिघडला.

अस्सल पार्मिजानो वासराच्या जठरातील रेनेटने विरजतात. काटेकोर शाकाहारी घरांनी सूक्ष्मजीवजन्य रेनेट वापरलेले, हिरव्या ठिपक्याचे कडक चीज घ्यावे.

गोडात तिरामिसू सर्वांत लोकप्रिय असला तरी जुना नाही. ट्रेव्हिजो शहरातल्या ‘ले बेक्केरिए’ उपाहारगृहात १९७० च्या सुमारास तो आकाराला आला असे बहुतेक मानतात; शेजारचा फ्रिउली प्रांत हे मान्य करत नाही. त्याचा जीव मास्कारपोने या मऊ चीजमध्ये आहे आणि ते घरी करता येते. दुधाची अर्धा लिटर साय किंवा डेअरी क्रीम ८५ अंशांपर्यंत तापवून चमचाभर लिंबाचा रस घालायचा, पाच मिनिटे हलवायचे, आणि गार झाल्यावर चक्क्यासारखे फडक्यात बांधून रात्रभर फ्रिजमध्ये निथळू द्यायचे. वनस्पती तेलाच्या क्रीमने हे साधत नाही. मूळ कृतीत अंड्याचे बलक कच्चे असतात. उष्ण हवामानात ते साखरेसह वाफेच्या पातेल्यावर ७० अंशांपर्यंत फेटून घेणे शहाणपणाचे. साव्होयार्दी बिस्किटे गार, कडक कॉफीत सेकंदभरच बुडवावीत, नाहीतर तळाशी चिखल होतो. बिस्किटे आणि बलक-मास्कारपोनेचे मिश्रण यांचे थर लावून निदान सहा तास फ्रिजमध्ये ठेवावे.

पियेमोंतेची पान्ना कोत्ता त्या मानाने फारच सोपी. क्रीम, साखर आणि व्हॅनिला गरम करून त्यात भिजवलेले जिलेटिन विरघळवले की झाले. जिलेटिन प्राणिजन्य असल्याने अनेक घरांत चायना ग्रास वापरतात. ते नीट उकळावे लागते आणि खोलीच्या तापमानालाच गोठते. जिलेटिन तोंडाच्या उबेने विरघळते, चायना ग्रास विरघळत नाही. म्हणून त्याची पूड अर्ध्या लिटरला दोन ग्रॅमच्या आसपासच ठेवावी. जास्त झाली की पान्ना कोत्ता रबरासारखी लागते.