घरगुती सेवाभेटीची पूर्वतयारी : स्प्लिट एसीचे उदाहरण

प्रयोगशाळेत तुम्ही जे युनिट उघडता ते टेबलावर, हाताशी असते. ग्राहकाच्या घरी त्याचा अर्धा भाग भिंतीबाहेर टांगलेला असतो. म्हणून भेट ठरवताना फोनवर बिघाडाच्या बरोबरीने एक प्रश्न विचारलाच पाहिजे : बाहेरचे युनिट नेमके कुठे आहे आणि तिथे पोहोचायचे कसे?

याचे उत्तर घराप्रमाणे बदलते. मुंबईच्या चाळीत शिडी सामाईक गॅलरीत लावावी लागली, तर शेजाऱ्यांची वाट अडते; त्यांना आधी कल्पना द्यायला सांगा. नळाला पाणी ठरावीक वेळीच येत असेल, तर कॉइल धुण्यासाठी दोन-तीन बादल्या भरून ठेवायला सांगा. दिल्लीच्या बिल्डर फ्लोअरमध्ये प्रत्येक मजल्याचा मालक वेगळा असू शकतो. युनिट गच्चीवर आणि गच्चीची किल्ली वरच्या मजल्यावर, असे झाले की काम अडते. बंगळूरच्या मोठ्या संकुलांत गेटवरची नोंद, सर्व्हिस लिफ्ट आणि ड्रिलिंगची वेळ आधीच विचारून घ्यावी.

सर्वांत अवघड प्रकार म्हणजे सातव्या मजल्यावर, बाल्कनी नसलेल्या भिंतीवर, ब्रॅकेटवर बसवलेले युनिट. "मागच्या वेळचा मुलगा नुसता छज्ज्यावर उतरला होता," असे ग्राहक सहज सांगतो. त्या मुलाचे नशीब चांगले होते, एवढाच त्याचा अर्थ. खिडकीच्या ग्रिलला दोर बांधणे हाही उपाय नव्हे. ग्रिलचे स्क्रू माणूस पडताना बसणारा झटका पेलण्यासाठी नसतात, शिवाय पावसाने ते गंजलेले असतात. पूर्ण अंगाचा हार्नेस, तो अडकवायला भक्कम जागा आणि सोबत दुसरा माणूस, यांपैकी एक जरी नसेल तरी बाहेर उतरू नका.

हा नकार खिडकीशी उभे राहून देणे फार कठीण असते. ग्राहकाने रजा घेतलेली असते, तुमचे पेट्रोल जळलेले असते, आणि "दोन मिनिटांचे तर काम" असे वाटू लागते. म्हणून खिडकीतून दिसणारा फोटो आदल्या दिवशीच व्हॉट्सॲपवर मागवा आणि नाही म्हणायचे असेल तर फोनवरच म्हणा.

त्याच वेळी नामपट्टीचाही फोटो घ्या. आर-२२, आर-४१०ए आणि आर-३२ एकमेकांच्या जागी चालत नाहीत. चुकीचा सिलिंडर नेला तर फेरी फुकट जाते. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, आर-२९० म्हणजे तर प्रोपेनच. गळती असेल तर खोली हवेशीर करून वायू निघून जाऊ द्यावा, तोवर टॉर्च पेटवू नये. एमसीबी बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार उरतो, हे तुम्ही शिकलाच आहात.

आणि घर भाड्याचे असेल, तर फोन करणारा एक आणि पैसे देणारा दुसरा असतो. कॉम्प्रेसर बदलायची वेळ आल्यास होकार कोण देणार, हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवा.