दारावरच्या माणसाची मूठ

डोंबिवलीहून लोकल पकडून ठाण्याला गडकरी रंगायतनात नाटक पाहायला जायचं, हा आमच्या घरचा जुना रिवाज. 4 जून 2008 रोजी त्याच रंगायतनाच्या वाहनतळात बॉम्ब फुटला आणि सात जण जखमी झाले. त्याआधी 13 मार्च 2003 ला कर्जतला निघालेल्या लोकलमध्ये मुलुंडला स्फोट झाला होता. ती गाडी आमच्याच मार्गावरची. त्या रात्री डोंबिवली-कल्याणच्या कितीतरी घरांत दाराकडे डोळे लागले होते. मग 26 नोव्हेंबर 2008 चा मुंबईवरचा हल्ला झाला. त्यानंतर नाट्यगृह, मॉल, स्टेशन, गणपतीचा मंडप, जिथे जावं तिथे दारावर एक माणूस उभा दिसू लागला आणि त्याच्या हातात ती काळी दांडी. मेटल डिटेक्टर.

त्या दांडीकडे इतकी वर्षं आपण पाहतो आहोत. ती धरणाऱ्या हाताकडे मी मात्र फार उशिरा पाहिलं.

ठाण्यातल्या एका मॉलच्या दारावर मुलीची वाट पाहत थांबलो होतो. रविवार, मे महिना. तपासणारे काका पन्नाशीच्या पुढचे. दोन्ही खांद्यांवरून खाली, मग कमरेभोवती, मग पाठ. एका माणसामागे चार फेऱ्या. दहा मिनिटांत त्यांनी तीस माणसं तपासली, म्हणजे हात एकशे वीस वेळा फिरला. दांडीच्या मुठीवर सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलेलं होतं. मी विचारलं तर म्हणाले, “घामानं सटकते साहेब. आणि बारीक आहे, आवळून धरावी लागते. रात्री मनगट भरून येतं, भाकरीचा तुकडा मोडवत नाही.”

अशी दांडी साधारण अर्ध्या किलोची असते. अर्धा किलो म्हणजे काही ओझं नव्हे, असं कुणालाही वाटेल. पण भरलेलं घमेलं छातीशी धरून पाहा आणि तेच हात लांब करून धरून पाहा. वजन तेच असतं, अंतर वाढतं आणि सगळा भार मनगटावर येतो. त्यात मूठ बारीक आणि गुळगुळीत असली की बोटं नको तितकी आवळली जातात. आपल्याकडच्या दमट हवेत तर जास्तच. कोपराच्या शिरा दुखतात त्या या आवळण्याने.

या यंत्राचा जन्मच घाईतला. 1881 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेलने असं उपकरण करून पाहिलं; पलंगाच्या लोखंडी स्प्रिंगांमुळे ते फसलं असं सांगतात. दुसऱ्या महायुद्धात युझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने सुरुंग शोधणारं यंत्र केलं. 1942 च्या एल अलामेनच्या लढाईत ते वापरलं गेलं आणि सुरुंग काढण्याचा वेग ताशी 100 चौरस मीटरवरून 200 वर गेला. मात्र त्याचं वजन जवळजवळ 14 किलो होतं. जीव वाचत होते, तिथे हात दुखण्याची तक्रार कोण करणार?

पुढची खरी सुधारणा झाली ती परदेशातल्या छंदी लोकांमुळे. शेतात, समुद्रकिनारी जुनी नाणी शोधत दिवसभर फिरणारी ही माणसं यंत्र स्वतःच्या पैशाने घेत आणि गैरसोयीचं वाटलं तर दुसरं घेत. म्हणून सरळ दांड्याला नागमोडी वळण आलं, हात नैसर्गिक कोनात राहू लागला. कोपराखाली आधाराची खोबण आली, त्यामुळे भार मनगटावरून दंडाकडे सरकला. बॅटरी मागे, कोपरापाशी गेली. दांड्याच्या पुढच्या टोकाला असलेल्या, धातू हुडकणाऱ्या तबकडीला ती तराजूच्या दुसऱ्या पारड्यासारखी तोलू लागली. काहींनी यंत्राची पेटी कमरेला अडकवली. आपल्या बायका भरला हंडा कडेवर घेतात, त्यामागचं शहाणपण हेच. तबकडीजवळ धातू चालत नाही, नाहीतर यंत्र स्वतःच्याच दांड्याला ओळखून ओरडेल. म्हणून तिथे फायबर, प्लास्टिक, मग कार्बन फायबर आलं. 2009 मध्ये एका फ्रेंच कंपनीने तबकडीची वायर काढून टाकली आणि सगळं यंत्र एक किलोच्या आत बसवलं.

आपल्याकडे हा छंद रुजला नाही, याला कारण आहे. 1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. दुर्गाडी किल्ला बांधताना धन सापडलं अशी कथा कल्याणात सांगतात, पण म्हणून खाडीकाठी कुणी यंत्र घेऊन हिंडू शकत नाही. हा कायदा मला योग्यच वाटतो. कल्याणसारख्या प्राचीन बंदराची माती अभ्यासकांसाठी राखलीच पाहिजे.

पण छंदच नसल्यामुळे झालं असं की आपल्याकडे डिटेक्टर धरणारा एक आणि विकत घेणारा दुसरा. खरेदी होते ती कमीत कमी दराच्या निविदेवर. त्यात संवेदनक्षमता लिहिलेली असते, बॅटरी किती तास चालावी ते असतं, मुठीचा घेर मात्र नसतो. दरम्यान यंत्रं सुधारली. काही आता आवाजाऐवजी थरथरून इशारा देतात. रखवालदारांसाठी महाराष्ट्रात 1981 पासून कायदा आहे, खासगी सुरक्षा संस्थांसाठी 2005 चा केंद्रीय कायदा आहे. तरी काकांच्या मुठीवरचं रबर काकांनाच गुंडाळावं लागलं.

यासाठी फार मोठं संशोधन लागत नाही. थोडी जाड, खरबरीत, बोटांच्या घडीला जुळणारी मूठ हवी. वजन पुढे कमी आणि मुठीत जास्त हवं. मनगटाला पट्टा हवा, म्हणजे आवळून धरावं लागणार नाही. आणि तासाभराने माणूस बदलायला हवा. वागळे इस्टेट 1962 पासूनची, डोंबिवलीची एमआयडीसी 1964 ची. प्लास्टिकच्या मुठीचा साचा करणं इथल्या कारागिरांना अवघड नाही. त्यांना कुणीतरी काम सांगायला हवं.

गणपती आले की आपली मंडळं, सोसायट्या, सभागृहं पुन्हा डिटेक्टर विकत घेतील किंवा भाड्याने आणतील. माझी विनंती एवढीच, पैसे मोजण्याआधी तो दारावर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या हातात अर्धा तास द्या आणि त्यालाच विचारा.