मांजर काळं की पांढरं? डेंग यांच्या गाजलेल्या म्हणीत मुळात होतं पिवळं मांजर!

चीनच्या प्रगतीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. 'मांजर काळं असो की पांढरं, उंदीर पकडतं ना? मग ते चांगलं मांजर.' चीनची दारं बाजारासाठी उघडणारे नेते डेंग शियाओपिंग यांच्या नावावर हे वाक्य फिरतं. पण ही म्हण डेंग यांची नाही आणि त्यात पांढरं मांजरही नव्हतं. डेंग यांनी ती वापरली तेव्हा विषय श्रीमंतीचा नव्हता, पोट भरण्याचा होता.

म्हण मूळची कुठली?

सिचुआन प्रांतातली. डेंग तिथलेच आणि युद्धकाळातले त्यांचे सहकारी, सेनानी लिऊ बोचेंग हेही तिथलेच. लिऊ लढाईबद्दल बोलताना ही म्हण नेहमी वापरायचे. ठरलेल्या डावपेचांना चिकटून बसू नका, परिस्थिती बघून लढा, असा त्याचा अर्थ. त्यातली मांजरं होती पिवळं आणि काळं. याच दोन रंगांच्या मांजरांचा असाच उल्लेख कथाकार पू सोंगलिंग (1640-1715) यांच्या लेखनातही सापडतो.

1962 मध्ये काय घडलं?

माओंनी 1958 मध्ये 'ग्रेट लीप फॉरवर्ड' मोहीम सुरू केली. शेतकऱ्यांची जमीन सामूहिक कम्यूनमध्ये गेली. त्यानंतरच्या दुष्काळात किती माणसं गेली, याचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत. जगण्यासाठी आन्हुईसारख्या प्रांतांत जमीन पुन्हा कुटुंबांना कसायला दिली गेली. पीक वाढलं, पण पक्षात वाद पेटला. ही पद्धत समाजवादात बसते का?

7 जुलै 1962 रोजी कम्युनिस्ट युवा संघटनेच्या प्रतिनिधींसमोर बोलताना डेंग यांनी लिऊंचं नाव घेऊन ही म्हण सांगितली. म्हणजे मांजराचा रंग ही शेतीची पद्धत आणि उंदीर म्हणजे धान्य. माओंना मात्र हे पटलं नाही. त्याच वर्षी कुटुंबनिहाय शेतीला लगाम बसला.

म्हणच गुन्हा ठरली

1966 मध्ये सांस्कृतिक क्रांती सुरू झाली. डेंग 'भांडवलशाहीच्या वाटेवरचे' ठरले आणि मांजराची म्हण त्यांच्याविरुद्धचा पुरावा झाली. पदं गेली. 1969 मध्ये त्यांची रवानगी जिआंगशी प्रांतात झाली आणि तिथे ते ट्रॅक्टर कारखान्यात कामगार म्हणून राबले. पुढे ते सत्तेत परतले, पण 1976 मध्ये पुन्हा हटवले गेले. तेव्हाही टीकेत मांजर होतंच. दरम्यान, तोंडोतोंडी फिरताना पिवळ्याचं पांढरं झालं होतं. डेंग यांच्या भाषणाच्या छापील संहितेत मात्र आजही पिवळंच मांजर आहे.

मग तीच म्हण धोरण कशी झाली?

1976 मध्ये माओंचं निधन झालं आणि 1978 च्या अखेरीस सूत्रं डेंग यांच्याकडे आली. कुटुंबनिहाय शेती परतली, कम्यून मोडीत निघाले, परदेशी भांडवल आलं. ज्या म्हणीसाठी शिक्षा झाली, तीच आर्थिक सुधारणांची ओळख बनली. आता उंदीर म्हणजे आर्थिक वाढ.

आज अर्थ काय?

काहींसाठी ही म्हण म्हणजे 'पोथीपेक्षा निकाल महत्त्वाचा'. टीकाकारांना तिच्यात 'पैसा येतोय ना, मग मार्ग कुठलाही चालेल' हा संदेश दिसतो. भ्रष्टाचार आणि प्रदूषणाकडे ते बोट दाखवतात. म्हणूनच पुढे पर्यावरणाच्या चर्चेत 'हिरवं मांजर' हवं, असंही म्हटलं गेलं.

साठ वर्षं चर्चा मांजराच्या रंगाची झाली. खरा बदलत गेला तो उंदीर. आधी लढाईतला विजय, मग ताटातलं अन्न, मग जीडीपी. त्यामुळे ही म्हण पुन्हा कुणी फॉरवर्ड केली, तर रंगाच्या आधी एकच विचारायचं, यावेळचा उंदीर कोणता?