कोण कुणाच्या घरी जातो?

मुलांच्या टीव्हीवर एक गंमत वरचेवर घडत असते. एका मालिकेतला नायक अचानक दुसऱ्याच मालिकेत हजर होतो. ढोलकपूरचा छोटा भीम लाडू खाऊन कुठल्याशा राक्षसाशी झुंजत असतो, आणि त्याच्या मदतीला वेगळ्याच कार्टूनमधला कृष्ण येऊन उभा राहतो. घरातली मुले टाळ्या पिटतात. स्वयंपाकघरातून आईला हाका मारतात. मुले या प्रकाराला 'क्रॉसओव्हर' म्हणतात. आपण साध्या मराठीत त्याला पाहुण्याचा भाग म्हणू.

आपण मोठी माणसे अशा गोष्टींकडे पोरखेळ म्हणून पाहतो व वर्तमानपत्रात डोके घालतो. परंतु सुज्ञ पालकांनी थोडे थांबून विचार करावा. या पाहुण्याच्या भागात मूल नेमके काय पाहत असते? एका घरातला माणूस दुसऱ्या घरात जातो, तिथे त्याला कसे वागवले जाते, तो परत आपल्या घरी त्यांना बोलावतो की नाही, हेच ते पाहत असते. आणि कोण कुणाच्या घरी जातो, कोण जात नाही, हा प्रश्न आपल्या समाजाला पोरखेळ कधीच वाटलेला नाही.

एक टीव्ही, सगळी चाळ

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्या काळी परळ, भोईवाडा, नायगावच्या चाळींत टीव्ही असलेली खोली बोटावर मोजण्याइतकी. मुलांचे कार्यक्रमही मोजकेच. प्रत्येक मालिका आपापल्या घरात राही. सगळीकडे पाहुणे म्हणून जाऊ शकणारे गृहस्थ म्हणजे पाध्ये यांचे अर्धवटराव. यशवंत पाध्ये यांनी घडवलेली ही बोलकी बाहुली त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनी रंगमंचावरून दूरदर्शनवर आणली. अर्धवटरावांना स्वतःचे घर नव्हते, म्हणून कोणत्याही घरात त्यांना मज्जाव नव्हता.

खरा क्रॉसओव्हर मात्र टीव्हीच्या काचेमागे होत नसून काचेसमोर होत असे. एका खोलीत अख्ख्या माळ्याची पोरे जमत. गिरणीत तीन पाळ्यांत राबणाऱ्यांची, पालिकेत झाडू मारणाऱ्यांची, शाळेत शिकवणाऱ्यांची, सगळ्यांची. मात्र आठवणी गोड असल्या तरी हिशेब खरा मांडावा. काही खोल्यांत कोणी सतरंजीवर बसायचे आणि कोणी उंबऱ्याबाहेरून पाहायचे, हे न बोलता ठरलेले असे. मुलांना ते कोणी समजावून सांगत नसे. ती पाहून शिकत.

१ मे १९९५ रोजी भारतात कार्टून नेटवर्क सुरू झाले. हळूहळू प्रत्येक खोलीत टीव्ही आला आणि आता प्रत्येक हातात मोबाईल आहे. उंबऱ्याबाहेर उभे राहण्याची वेळ गेली, हे चांगलेच झाले. पण त्याबरोबर दुसऱ्याच्या खोलीत जाण्याचे कारणही गेले.

साहेब दोन्ही युगांत तोच

पाहुण्याच्या भागांची परदेशातील परंपरा जुनी आहे. हॅना-बार्बेरा या अमेरिकन कंपनीने १९७२ साली स्कूबी-डू या कुत्र्याच्या गोष्टीत बॅटमॅन व रॉबिन यांना आणले. १९९७ मध्ये हाच स्कूबी आपल्या मित्रांसह जॉनी ब्राव्होच्या भागात गेला. यात सर्वांत मजेशीर भेट १९८७ सालची. फ्लिन्टस्टोन हे अश्मयुगातले कुटुंब आणि जेटसन हे भविष्यातले, उडत्या गाड्यांतून फिरणारे कुटुंब. जेटसनांच्या मुलाने बनवलेल्या कालयंत्रातून हे लोक अश्मयुगात जाऊन पडतात आणि पुढे अश्मयुगवाले भविष्यात येतात. म्हणजे येणे-जाणे दोन्ही बाजूंनी झाले. दगडाच्या खाणीत काम करणारा फ्रेड आणि बटणे दाबणारा जॉर्ज, दोघांनाही छळणारा साहेब सारखाच असतो! आमच्यासारख्या कारकुनाला हे पाहताना हसू आल्याशिवाय राहत नाही. हजारो वर्षांचे अंतर असले तरी नोकरदाराला नोकरदार ओळखतो, ही त्या गोष्टीची खरी मजा.

अर्थात यात कंपन्यांचा जमाखर्चही असतो. फ्लिन्टस्टोन आणि जेटसन एकाच कंपनीचे. आपल्याकडेही छोटा भीम व कृष्ण ही दोन्ही कार्टून हैदराबादच्या ग्रीन गोल्ड या एकाच कंपनीची. भीम २००८ मध्ये पोगो वाहिनीवर आला, कृष्णाची मालिका त्याच्या आधीची. दोन खपणाऱ्या बाहुल्या एकत्र आणल्या की दप्तरे, डबे आणि टी-शर्ट अधिक खपतात. त्यात गैर काही नाही, पण धंदा कुठे आहे व गोष्ट कुठे आहे, हे पालकांनी ओळखावे. भीम आणि कृष्णाच्या एका चित्रपटाच्या नावात पाटलिपुत्र आहे. मूल तो चित्रपट पाहत असेल, तर हे नगर सम्राट अशोकाची राजधानी होते, एवढे तरी आईबापांनी त्याला सांगावे. कंपनी ते सांगेलच असे नाही.

गर्दी झाली, ओळख झाली नाही

२१ एप्रिल १९९० रोजी अमेरिकेत एक मोठाच प्रयोग झाला. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्या तिथल्या मोठ्या वाहिन्यांनी एकाच वेळी एकच कार्टून दाखवले. त्यात बग्ज बनी, गारफिल्ड, विनी द पू, स्मर्फ, निंजा कासव, डोनाल्डचे पुतणे असे वेगवेगळ्या कंपन्यांचे प्राणी व पात्रे होती. विषय होता मुलांमधील अमली पदार्थांचे व्यसन. मोठा भाऊ नशेसाठी धाकट्या बहिणीच्या गल्ल्यातले पैसे चोरतो आणि तिच्या खोलीतली सगळी कार्टून जिवंत होऊन त्याला वाचवायला निघतात. सुरुवातीला खुद्द राष्ट्राध्यक्ष बुश (थोरले) व त्यांच्या पत्नी यांनी मुलांना चार शब्द सांगितले.

हेतू उत्तम. १९८२ च्या संपानंतर गिरणगावात ज्यांनी कामधंद्याविना पोरे व्यसनाला लागताना पाहिली, त्यांना या विषयाचे मोल सांगायला नको. बहिणीचा गल्ला फोडणारा भाऊ आपल्याही माळ्यावर होता. पण हा भाग पाहिला की जाणवते, की इतके पाहुणे आले आणि कोणाचीच कोणाशी ओळख झाली नाही. प्रत्येकाने येऊन एक उपदेश केला व तो निघून गेला. व्यसनी मुलाला अर्ध्या तासाच्या भाषणाची नव्हे, तर रोज दार ठोठावणाऱ्या माणसाची गरज असते. मंडळाच्या व्यासपीठावरून व्यसनमुक्तीची भाषणे देणाऱ्या आम्हा कार्यकर्त्यांनीही हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पाहुण्याची अट मान्य

याच्या उलट एक उदाहरण १९८१ चे. त्या आधीची थोडी हकीकत सांगणे आवश्यक आहे. १० नोव्हेंबर १९६९ रोजी अमेरिकेत 'सेसमी स्ट्रीट' ही लहान मुलांची मालिका सुरू झाली. एका गल्लीत काळी-गोरी माणसे आणि कापडी बाहुल्या एकत्र राहतात, अंक व अक्षरे शिकतात. केवळ काळे-गोरे एकत्र दाखवले म्हणून मे १९७० मध्ये मिसिसिपी राज्याच्या शैक्षणिक टीव्ही आयोगाने ही मालिका दाखवण्यास नकार दिला. लोकांनी ओरड केल्यावर २२ दिवसांत तो निर्णय फिरवावा लागला.

त्याच सुमारास फ्रेड रॉजर्स यांचा 'मिस्टर रॉजर्स' नावाचा मुलांचा दुसरा कार्यक्रम चालू होता. १९६९ च्या एका भागात उन्हाळ्याचे दिवस आहेत. रॉजर्स प्लास्टिकच्या छोट्या टबात पाय सोडून बसले आहेत. तेवढ्यात काळा पोलीस अधिकारी क्लेमन्स येतो. रॉजर्स त्याला त्याच पाण्यात पाय सोडायला बोलावतात आणि आपलाच टॉवेल देतात. तेव्हा अमेरिकेत पोहण्याच्या तलावात काळ्यांना येऊ द्यावे की नाही, यावरून भांडणे होत होती. एका पाण्यात पाय सोडण्याचा अर्थ काय असतो, हे १९२७ चे चवदार तळे ज्यांना ठाऊक आहे त्यांना वेगळे समजावण्याची गरज नाही.

पुढे १९८१ मध्ये या दोन कार्यक्रमांनी एकमेकांकडे पाहुणे पाठवले. रॉजर्स सेसमीच्या गल्लीत गेले व तिथल्या एका शर्यतीचे पंच झाले. एक हरला, एक जिंकला, तरी मैत्री टिकते, हे त्यांनी मुलांना समजावले. त्यानंतर सेसमीचा आठ फुटी पिवळा पक्षी, बिग बर्ड, रॉजर्सकडे येणार होता. रॉजर्स यांची इच्छा होती, की पक्ष्याच्या वेषात आत माणूस आहे हे मुलांना दाखवावे. मुलांपासून काही लपवू नये. पक्ष्याची भूमिका करणारे कॅरल स्पिनी यांना ते पटले नाही. मुलांच्या मनातला पक्षी मोडू नये, असे त्यांचे म्हणणे. दोघेही आपापल्या जागी बरोबर. शेवटी रॉजर्स यांच्या कार्यक्रमात जे कल्पनेचे राज्य होते, तेवढ्यातच पक्ष्याने यावे असे ठरले. घर यजमानाचे, पण पाहुण्याची अट त्याने मानली. पाहुणचार याला म्हणतात.

बोलावल्याशिवाय यायचे नाही

सर्वांत कठीण भेट १९९८ सालची. इस्रायल व पॅलेस्टाइन यांच्यातील १९९३ च्या ओस्लो करारानंतर दोन्हीकडच्या निर्मात्यांनी सेसमीच्या धर्तीवर एक संयुक्त मालिका केली. इस्रायलची गल्ली वेगळी, पॅलेस्टाइनची वेगळी. इकडे किपी नावाची साळींदर, तिकडे करीम नावाचा कोंबडा. दोन्ही गल्ल्यांतील पात्रांनी भेटावे कुठे? आधी सुचवले गेले, की एखाद्या सामाईक बागेत भेटावे. लगेच प्रश्न आला: ती बाग कुणाच्या जमिनीवर? बाग रद्द झाली. मग ठरले की एकमेकांच्या गल्लीत जावे. तेव्हा पॅलेस्टिनी बाजूने आग्रह धरला, की इस्रायली पात्रांनी सहज फिरत फिरत आमच्या गल्लीत यायचे नाही. आम्ही बोलावू, तेव्हा यायचे.

वरवर पाहता हा हटवादीपणा वाटेल. पण ज्याच्या घरात कोणीही कधीही न विचारता शिरत आले आहे, त्यालाच आमंत्रणाची किंमत कळते. आपल्या दाराला कडी आहे व ती आपण उघडतो, ही जाणीव झाल्याशिवाय पाहुण्याचे स्वागत मनापासून होत नाही.

या मालिकेचा मुलांवर काय परिणाम झाला, याचा २७५ इस्रायली व पॅलेस्टिनी बालकांशी बोलून अभ्यास झाला व तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळेतही न जाणाऱ्या या वयात मुलांच्या मनात दुसऱ्या बाजूविषयी वाईट ग्रह आधीच होते. चार महिन्यांनी पाहिले, तेव्हा दुसऱ्याविषयी चांगले शब्द काढणे वाढलेले दिसले. कार्टूनने युद्ध थांबले नाही. सप्टेंबर २००० पासून तिथे पुन्हा रक्त सांडू लागले आणि नंतरच्या मालिकेत दोन्हीकडच्या पात्रांनी एका गल्लीत भेटणे सोडूनच द्यावे लागले. तरीही एवढे सिद्ध झाले, की द्वेष चार-पाच वर्षांच्या वयातच शिकला जातो व त्याच वयात तो थोडाफार पुसताही येतो.

आपल्या आवारातील दोन फाटके

आपल्याकडेही १५ ऑगस्ट २००६ रोजी 'गल्ली गल्ली सिम सिम' या नावाने सेसमी आली. शाळेचा गणवेश घातलेली चमकी पुष्कळ मुलांना आवडली. पडद्यावरची ती गल्ली सगळ्यांची होती. आता आपल्या गल्लीकडे पाहू. परळ-भोईवाड्यात पुनर्विकास होतो आहे. काही आवारांत जुन्या रहिवाशांची एक इमारत आणि विक्रीचा उंच टॉवर, दोन्हींना वेगळी फाटके. एकाच बसने शाळेत जाणारी मुले दोन फाटकांतून आत शिरतात. दोघेही एकच कार्टून पाहतात, परंतु एकमेकांच्या घरी जात नाहीत.

माझ्या परिचयातल्या एका घरी मुलाचा नववा वाढदिवस होता. वर्गातल्या दहा मित्रांना बोलावले. त्या मुलांच्या वाढदिवसांना हा नेमाने जात असे. याच्याकडे तिघेच आले. आईने उरलेला केक माळ्यावर वाटून टाकला व कुणापाशी चकार शब्द काढला नाही. मुलाने मात्र पुढच्या वाढदिवसाला कोणाला बोलवायचे नाही म्हणून सांगितले. नऊ वर्षांच्या पोराने हा हिशेब एकट्याने मांडला होता.

म्हणून पालकांना एवढेच सांगणे आहे. मुलांसोबत पाहुण्याचा भाग बघायला बसा आणि तीन प्रश्न विचारा. कोण कुणाच्या घरी गेले? त्याला बोलावले होते का? परतभेट झाली का? मुले चटकन उत्तरे देतील. मग चौथा प्रश्न ती तुम्हाला विचारतील, की आपल्या घरी कोण येते आणि आपण कुणाकडे जातो? त्याचे उत्तर तयार ठेवा. उत्तर नसेल, तर येत्या रविवारी दुसऱ्या फाटकातल्या एका मुलाला नावानिशी आमंत्रण द्या, आणि त्याच्याकडून बोलावणे आले की आपल्या मुलाला नक्की पाठवा.