फिश टँकमधली वाळू

घरात समुद्री माशांचा टँक मांडायचा ठरला की मासे, दिवे आणि पंप यांची चौकशी महिनाभर चालते. वाळू मात्र नुसता रंग पाहून घेतली जाते, नाहीतर अलिबागच्या सहलीहून परतताना पिशवीत भरून आणली जाते. प्रत्यक्षात टँकचे आरोग्य बऱ्याच अंशी तळाच्या या थरावर अवलंबून असते.

माशांच्या उत्सर्जनातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो माशांना घातक असतो. वाळूच्या कणांवर आणि दगडांवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच सौम्य असे नायट्रेट करतात. नव्या टँकमध्ये ही व्यवस्था बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागू शकतात. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत मासे सोडू नयेत.

समुद्री टँकसाठी अ‍ॅरागोनाइट वाळू पसंत केली जाते. ती म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. व्हिनेगरचा थेंब टाकला की तिच्यावर फेस येतो. पाण्याचा सामू फार घसरला तर ती थोडी विरघळून आधार देते. मात्र हा सामू ८.१ ते ८.४ असावा लागतो आणि त्या पातळीला ती फारशी विरघळत नाही. त्यामुळे पाण्याची तपासणी आणि ठरावीक काळाने पाणी बदलणे चुकत नाही. किनाऱ्यावरच्या वाळूत सांडपाणी, तेल आणि प्लास्टिकचे कण मिसळलेले असू शकतात, म्हणून ती टाळावी. प्रवाळ गोळा करणे तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे.

कण एक ते दोन मिलिमीटरचे आणि थर अडीच ते पाच सेंटिमीटरचा असला की बहुतेक घरांत पुरते. फार बारीक वाळू पंपाच्या प्रवाहाने उडते. फार जाड वाळूच्या फटींत खाद्य अडकून कुजते. वाळूत शिरून झोपणारे मासे ठेवायचे असतील तर मऊ, बारीक वाळूचा थोडा जाड थर लागतो. खोल थरात प्राणवायू पोहोचत नाही. तिथे काळे डाग आणि सडक्या अंड्यांसारखा वास आला तर तो हायड्रोजन सल्फाइड वायू असू शकतो. असा थर एकदम ढवळल्यास मासे दगावू शकतात.

ही वाळू साफ करणाऱ्या हातांनाही धोका असतो. क्षयरोगाच्या जंतूचा नातलग असलेला मायकोबॅक्टेरियम मरिनम १९२६ मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील मृत माशांत सापडला. तो त्वचेवरच्या लहानशा जखमेतूनही शिरतो. त्याला साधारण ३० अंश तापमान मानवते, म्हणून तो बहुधा बोटे आणि हातांवर वाढतो. दोन-चार आठवड्यांनी न दुखणारी गाठ येते. कधी अशा गाठींची रांग कोपराकडे सरकते. साधे गळू समजून दिलेल्या औषधांनी ती अनेकदा बरी होत नाही आणि योग्य उपचारही काही महिने चालतात. निदान लांबते, कारण घरात फिश टँक आहे हे रुग्ण सांगत नाही आणि डॉक्टरही विचारत नाहीत.

म्हणून हाताला खरचटले असेल तर टँकमध्ये हात घालू नये. एरवीही लांब, जलरोधक हातमोजे वापरावेत, नळीतले पाणी तोंडाने ओढू नये आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. बोटावरची गाठ तीन आठवड्यांत बसली नाही तर डॉक्टरांकडे जावे आणि घरातल्या टँकचा उल्लेख आवर्जून करावा.